साताऱ्यात मोठ्या कंपनीत लागलोय, पण माणसासारखं वागवत नाहीत. सोडू का?

लगेच सोडू नका. मी इथल्याच एमआयडीसीत एका नावाजलेल्या कंपनीत चार वर्षं काढली, ठेकेदाराच्या नावावर. लघवीला जाताना वहीत वेळ लिहायची, आल्यावर परत लिहायची. जेवणाची सुट्टी वीस मिनिटं, त्यात कॅन्टीनपर्यंत चालत जाण्यातच सहा जायची. वाईजवळच्या बावधनच्या बगाड यात्रेला सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणाला, "देवाला सांग पगार द्यायला." (तो स्वतः वाईचा!) दिवाळीला मात्र गेटवर 'आपण एक कुटुंब' असा फ्लेक्स.

आधी पगाराच्या पावत्या जपून ठेवा आणि हजेरीचे फोटो काढून ठेवा. ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो का, बघा. कायद्याने तो मिळायलाच हवा. यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) टाकून पीएफचं पासबुक दर महिन्याला तपासा. माझ्या पगारातून कपात व्हायची, खात्यात मात्र तीन महिने काहीच जमा नव्हतं. ठेकेदाराने पीएफ बुडवला तरी मूळ कंपनी हात वर करू शकत नाही, हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. मी पीएफ कार्यालयात लेखी तक्रार दिली आणि पैसे जमा झाले. शिव्या खाल्ल्या त्याची भरपाई कुठे मिळते, तुम्हाला कळलं तर सांगा.

दुसरीकडचं पत्र हातात पडलं की मग राजीनामा.