प्रत्यार्पणाची अटक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या भावाला परक्या देशात विमानतळावर इंटरपोलच्या रेड नोटीसवरून (शोधून ताब्यात घेण्याच्या विनंतीवरून) अटक झाली. ज्या देशाने त्याला मागितलंय, तिथल्या कोठडीत त्याला पूर्वी मारहाण झाली होती. तो निर्दोष असल्याचे पुरावे आम्ही जमवतोय. आणखी काय करावं?

उत्तर : पुरावे जपून ठेवा, पण प्रत्यार्पणाचं, म्हणजे माणसाला मागणाऱ्या देशाच्या ताब्यात द्यायचं का हे ठरवणारं, न्यायालय सहसा दोषी-निर्दोष ठरवत नाही. कृत्य दोन्ही देशांत गुन्हा आहे का, मागणीमागे राजकीय हेतू आहे का आणि पाठवल्यावर छळ, फाशी किंवा उघड अन्यायाचा खटला वाट्याला येईल का, हे ते पाहतं. तुमची लढाई तिथे आहे.

आधी भावाला निरोप द्या : वकिलाशी बोलल्याशिवाय प्रत्यार्पणाला संमती देणाऱ्या कागदावर सही नको. बऱ्याच देशांत ती संमती मागे घेता येत नाही. शिवाय ज्या गुन्ह्यासाठी पाठवलं त्याचाच खटला चालेल, हे संरक्षणही संमती दिल्याने गमावलं जाऊ शकतं. स्वतःच्याच सरकारपासून धोका असेल तर त्या वकिलातीला कळवण्याची विनंतीही त्याने करू नये. 1963च्या व्हिएन्ना करारानुसार तो निर्णय त्याचा आहे. अटकेची तारीख लिहून ठेवा. 1957च्या युरोपीय प्रत्यार्पण करारात प्रत्यार्पणाची रीतसर विनंती अटकेपासून 18 दिवसांत आली नाही तर सुटका होऊ शकते आणि 40 दिवसांपलीकडे तात्पुरती अटक चालत नाही. इतर करारांत मुदत वेगळी असते, म्हणून लागू असलेला करार वकिलाकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या.

मारहाण सिद्ध करण्यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉलनुसार (छळाच्या खुणा तपासून नोंदवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिकेनुसार) काम करणाऱ्या स्वतंत्र डॉक्टरचा अहवाल हवा, तोही लवकर, कारण खुणा पुसट होतात. मनावरचे परिणामही त्यात नोंदले जावेत. तुरुंगातल्या डॉक्टरची दोन ओळींची नोंद पुरत नाही.

प्रत्यार्पण थांबवण्याचे बरेच अर्ज फसतात ते एकाच कारणाने : मानवी हक्कांच्या स्थितीवरचे शंभर पानी अहवाल जोडले जातात, पण या माणसाबद्दल त्यांत काहीच नसतं. न्यायालय विचारतं, कोणता तुरुंग, कोणती बराक, एका खोलीत किती जण? युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2016च्या मुर्शिच निकालात म्हटलं की सामायिक कोठडीत माणशी 3 चौरस मीटरपेक्षा कमी जागा असेल तर हक्कभंग झाल्याचं ठाम गृहीतक उभं राहतं. म्हणून खोलीची लांबी-रुंदी, कैद्यांची संख्या, दिवसात बाहेर सोडण्याचे तास, हे सगळं आकड्यांत मांडा.

प्रश्न : त्या देशाने 'छळ होणार नाही' असं हमीपत्र दिलंय. आता काही उरलं का?

उत्तर : पुष्कळ उरलंय. 2012च्या ऑथमन खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हमी तपासण्याच्या कसोट्या सांगितल्या. हमी नेमकी आहे की मोघम? देणाऱ्याला तो अधिकार आहे का आणि स्थानिक पोलीस-तुरुंगांवर ती बंधनकारक आहे का? पूर्वीच्या हमी पाळल्या गेल्या का? बाहेरचं कुणी, वकिलासह, त्याला भेटून पाहणी करू शकेल का? फाशी न देण्याची हमी मोडली तर जगाला दिसतं. छळ मात्र बंद दाराआड होतो. त्यामुळे पाहणीची सोय नसलेल्या हमीला आम्ही फार किंमत देत नाही.

भाऊ जिथे अटकेत आहे त्या देशातलं शेवटचं अपील फेटाळलं की वेळ गमावू नका. तो देश युरोपीय न्यायालयाच्या कक्षेत असेल तर नियम 39खाली तातडीची स्थगिती मागता येते. नसेल, पण संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराचं, व्यक्तीला तक्रार करू देणारं, कलम 22 त्याने मान्य केलेलं असेल, तर त्या कराराच्या समितीकडे जाता येतं. आधीच्या निकालांच्या प्रती आणि विमानाची तारीख कळली असल्यास तीही जोडा.

प्रश्न : रेड नोटीस रद्द झाली की भाऊ सुटेल?

उत्तर : आपोआप नाही. नोटीस आणि प्रत्यार्पणाची विनंती वेगळ्या आहेत. तरी इंटरपोलच्या फाइलींवर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे अर्ज आताच करा. शुल्क नाही, पण निर्णयाला, अर्ज ग्राह्य ठरल्यापासून, 9 महिन्यांपर्यंत लागू शकतात. अर्ज इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा अरबीत हवा, सोबत ओळखपत्र आणि वकिलाचं अधिकारपत्र. निर्वासित दर्जा मिळालेला असेल तर तो कागद सर्वांत वर लावा. नोटीस रद्द झाल्यावर निर्णयाची प्रत जवळ ठेवूनच प्रवास करू द्या, कारण काही देशांच्या स्वतःच्या यादीत नाव तसंच राहतं.