शकुंतलेच्या तोंडचं 'अनार्य'

प्रश्न थोडक्यात असा होता: "कॉलेजच्या महोत्सवासाठी अभिजात नाटकातला एखादा प्रवेश करायचा आहे. शकुंतला, मीडिया, लेडी मॅकबेथ यांपैकी कुणीतरी. आजच्या प्रेक्षकाला या बायका खंबीर वाटाव्यात म्हणून संवाद बदलावे लागतील का?"

बदलू नका. आधी छापलेले संवाद शांतपणे वाचा, मग बदलायची गरज उरते का ते बघा. मी परभणीत पोरापोरींची नाटकं बसवते, आणि हे मला फार उशिरा कळलं.

शाळेत असताना मी शकुंतला केली होती. गजरे, खाली मान, डोळ्यांत ग्लिसरीन. राजा ओळख नाकारतो आणि ही रडते, एवढंच काम. ही रडूबाई कालिदासाने आपल्या डोक्यात घातलेली नाही. किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' 1880 साली आलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथली शकुंतला लुगडं नेसलेल्या पुरुषांनी रंगवली. 1905 साली बालगंधर्व पहिल्यांदा उभे राहिले ते याच भूमिकेत. रविवर्म्याच्या चित्रात ती पायातल्या काट्याचं निमित्त करून मागे वळून बघते. ते गाणं, ते चित्र सुंदरच आहे, पण तीच शकुंतला म्हणून आपल्या मनात बसली आणि पोथीतली मागे राहिली.

पोथीतला पाचवा अंक उघडा. दरबारात ती बुरखा घेतल्यासारखी, अवगुंठनात येते. सोबत आलेली आश्रमातली वडीलधारी गौतमी ते दूर करते. राजा म्हणतो, हिच्याशी लग्न केल्याचं मला आठवत नाही. आता ती त्याला काय हाक मारते तेवढंच बघत जा. आधी 'आर्यपुत्र' म्हणते आणि अर्ध्यावर थांबते. लग्नाचाच संशय असेल तर ही हाक बरी नव्हे, असं स्वतःशी म्हणून 'पौरव', म्हणजे पुरुवंशातला, म्हणते. अंगठी दाखवायला जाते तर बोटात नाही. मग दोघांमधली एक आठवण सांगते: हरणाचं पाडस तुझ्या हातून पाणी पीत नव्हतं, माझ्या हातून प्यालं, तेव्हा तू हसून म्हणालास की तुम्ही दोघं रानातलीच. यावर राजा काय म्हणतो? बायकांना न शिकवताच लबाडी येते, कोकिळा नाही का आपली पिल्लं दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेत! पोटुशी बाई समोर उभी असताना हे वाक्य. तेव्हा ती त्याला सरळ 'अनार्य', म्हणजे नीच, म्हणते, तू स्वतःच्या काळजावरून सगळ्यांना मोजतोस म्हणते.

आर्यपुत्र, पौरव, अनार्य. एका प्रवेशात तीन पायऱ्या. नटीला याहून जास्त काय पाहिजे? वरून घोषणा टाकल्या की या पायऱ्याच बुजून जातात.

(महाभारतातली शकुंतला तर याहून तिखट आहे. तिथे राजाला विसर पाडणारा दुर्वासाचा शाप नाही, अंगठी नाही. राजाला सगळं आठवतंय आणि तो खोटं बोलतोय. ती त्याला सुनावते की दुसऱ्याचा मोहरीएवढा दोष तुला दिसतो, स्वतःचा बेलफळाएवढा दिसत नाही. शाप आणून कालिदासाने राजाची लाज राखली, असं माझं मत. पण पाचव्या अंकात तिचं तोंड मात्र त्याने बांधलं नाही.)

आणखी एक गोष्ट मराठी भाषांतरात हरवते. राजा संस्कृत बोलतो, शकुंतला प्राकृत. बायकांचं बोलणं शौरसेनी प्राकृतात, त्यांची पद्यं बहुतेक महाराष्ट्री प्राकृतात. ज्या महाराष्ट्रीत हाल राजाची गाथासप्तशती हा कवितासंग्रह आहे ती आपल्या पैठणच्या सातवाहनांची. तिसऱ्या अंकात कमळाच्या पानावर नखाने ती लिहिते, 'तुज्झ ण आणे हिअअं'. तुझं मन मी नेणे. परभणीच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागतो का? म्हणजे दरबारात एक बाई घरच्या भाषेत दाद मागतेय आणि समोरचा कागदोपत्री भाषेत नाकारतोय. तहसीलला एखाद्या कामासाठी उभं राहिलेल्या कुणालाही हे चित्र नवीन नाही.

आमची शकुंतला सोनपेठकडच्या खेड्यातली. तालमीत अगदी पुस्तकी बोलायची, जणू बातम्या देतेय. एकदा मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात फोनवर भावाशी भांडत होती, जमिनीच्या कसल्यातरी कागदावरून. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली गेला होता. मी म्हटलं, हाच आवाज पाहिजे मला. राजाला प्रमाण मराठीत ठेवलं आणि हिला हिच्या बोलीत. 'अवो' म्हणून ती थांबली. मग 'राजेसाहेब'. आणि मग सावकाश, "आरं नीचा, जसं तुहं मन हाये तसंच तुला समद्याइचं दिसायलंय." प्रॉम्प्टिंग करणारं पोरगं वही खाली ठेवून बघत बसलं. पदराचंही तेव्हाच ठरलं: गौतमीचा हात पुढे येतो, पण पदर ही स्वतःच मागे सारते. पोथीपासून आम्ही हटलो ते एवढंच, बाकी नुसतं भाषांतर.

एका परीक्षकांनी नंतर सांगितलं की शकुंतलेचा तोल जरा गेला. मी पोथीचं पान दाखवणार होते, मग चहा आला आणि राहून गेलं.

मीडियाबद्दल आधी एक सूचना, पाटीवर नाव नीट फोड करून लिहा, नाहीतर लोक टीव्ही चॅनलवरचं नाटक समजून येतात. बाकी मुद्दा तोच. ग्रीक नाटककार युरिपिडीसने इ.स.पू. 431 मध्ये तिच्या तोंडी घातलंय की एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन रणात उभी राहीन. अथेन्समध्ये हे बोलणारा नटही पुरुषच होता, मुखवटा लावलेला. एका गटाने तिला ऊसतोडीला गेलेली बीडकडची बाई केलं होतं. हेतू चांगला, पण मीडिया राजकन्या आहे, सूर्याची नात आहे. ती कीव मागत नाही. शेवटी त्यांनी तिला पोलिसांच्या हवाली केलं. मूळ नाटकात ती पोटची पोरं मारूनही सूर्याच्या रथातून निघून जाते आणि तिला टाकून दुसरं लग्न करणाऱ्या नवऱ्याला, यासनला, मुलांच्या कलेवरांना हातही लावू देत नाही. प्रेक्षकाला तिला शिक्षाही देता येत नाही आणि माफही करता येत नाही. तुम्ही बेडी घातलीत की घरी जाताना कुणाला काही जड राहात नाही.

शेक्सपियरच्या लेडी मॅकबेथला, नवऱ्याला राजाच्या खुनाला उभं करणाऱ्या बाईला, खलनायिका करणार असाल तर दुसऱ्या अंकातलं एक वाक्य विसरू नका: झोपलेला राजा माझ्या बापासारखा दिसला नसता तर मीच हे केलं असतं. शिरवाडकरांचं 'राजमुकुट', म्हणजे मॅकबेथचंच मराठी रूप, मिळालं तर तेही वाचा. पण पहिलंच काम असेल तर ही भूमिका घेऊ नका, हात धुण्याच्या प्रवेशात भलेभले घसरतात.

आमच्या प्रयोगाला त्या पोरीची आजी आली होती. तिने नंतर मला विचारलं, "येवढं बोलली, मग अंगठी घावल्यावर गेली काहून माघारी?" मी म्हटलं, गेली नाही, राजा आला, पायाही पडला. आजीला ते पटलं नाही. घरी येऊन सातवा अंक पुन्हा काढला. राजा अंगठी पुढे करतो तेव्हा शकुंतला ती घालत नाही. म्हणते, हिच्यावर माझा विश्वास नाही, आर्यपुत्रांनीच घालावी. यंदा तोच प्रवेश बसवतोय. 'हिच्यावर' म्हणताना नजर अंगठीवर ठेवायची की राजावर, यावर दोन तालमी गेल्या, अजून ठरत नाही.