वाचक विचारतात: सगळे कोअर बिझी, तरी काम हळू का?

प्रश्न: मी पुण्यात एमटेक करतोय, उष्णता पसरण्याचं सिम्युलेशन एमपीआयवर (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून, त्यांनी एकमेकांना निरोप धाडत चालवायची पद्धत) आहे. कोअर वाढवले तरी स्पीड वाढेना, पण टॉपमध्ये (कोण किती बिझी ते दाखवणारी लिनक्सची कमांड) सगळे १०० टक्के! सर म्हणतात टास्क-बेस्ड रनटाइम बघ. म्हणजे काय?

उत्तर: त्या १०० टक्क्यांना भुलू नका हो, बऱ्याचदा एमपीआय नुसतं वाट बघतानाही कोअर फिरवत ठेवतं. तुमच्या कोडमध्ये प्रत्येक स्टेपला बॅरियर असणार, म्हणजे पंगतीसारखं, शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कुणी उठायचं नाही. टास्क-बेस्डमध्ये काम छोट्या टास्कमध्ये तोडायचं आणि कुठल्या टास्कला कुणाचा डेटा लागतो तेवढं सांगायचं, मग डेटा आला की टास्क सुरू होतो आणि रिकामा कोअर शेजाऱ्याच्या रांगेतलं काम चक्क चोरतो.

सी प्लस प्लस येत असेल तर एचपीएक्स ही टास्क-बेस्ड लायब्ररी घ्या, ओपन सोर्स आहे, एसिंक (काम बाजूला सुरू करून देणं) आणि फ्युचर (त्याचं नंतर येणारं उत्तर) ओळखीचेच वाटतील. जीपीयू असेल तर फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेचं स्टारपीयू हे रनटाइम बघा. फक्त टास्क फार बारीक करू नका, एकेक टास्क सुरू करायलाच साधारण मायक्रोसेकंद जातो, त्यामुळे निदान शंभरेक मायक्रोसेकंदांचं काम तरी त्यात हवं, इथेच बहुतेकांची गाडी अडते.

आणि १९९१ला परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर ज्या गावात बनला तिथे शिकताय, तो बनवणाऱ्या सीडॅक या संस्थेच्या ट्रेनिंगची चौकशी करून ठेवा. पण आधी प्रोफायलर (कोडचा वेळ कुठे जातो ते मोजणारं टूल) लावा, बॅरियरवर वेळ जातच नसेल तर हा सगळा खटाटोप कशाला?