टोळी चालवणाऱ्या बाईला काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : गुंडाला आपण 'दादा' किंवा 'भाई' म्हणतो, मग टोळी चालवणाऱ्या बाईसाठी मराठीत शब्द आहे का? बातम्यांत सरसकट 'लेडी डॉन' छापून येतं, ते योग्य आहे का?

'गुंड'चं स्त्रीलिंगी रूप करायला जावं तर हाती सदऱ्याची गुंडी येते. 'दादा' मात्र बाईलाही चालतो. 'ती आमच्या गल्लीची दादा आहे' असं सहज म्हटलं जातं आणि बाई करते तीही दादागिरीच. 'ताईगिरी' कुणी म्हणत नाही. 'भाई'चं तसं होत नाही, तो पुरुषालाच चिकटलेला आहे. (शेतकरी कामगार पक्षातलं 'भाई' हे आदराचं संबोधन अगदी वेगळं, त्याची इथे गल्लत नको.)

मुंबईत लोकांनी या बायकांना जी नावं दिली, त्यांतून त्यांचं बळ कुठून आलं ते नेमकं कळतं. डोंगरीच्या जेनाबाईचंच बघा. रेशनिंगच्या काळात ती चोरटा तांदूळ विकायची, तेव्हा 'चावलवाली' होती. पुढे दारूबंदीत दारूच्या धंद्यात उतरली आणि 'दारूवाली' झाली. माल बदलला तसं नाव बदललं. नावात नवरा नाही, भाऊ नाही. दाऊद इब्राहिमची बहीण हसीना पारकर नागपाड्यात 'आपा', म्हणजे थोरली बहीण. वयाने ती दाऊदपेक्षा धाकटी, पण तिचा दरारा भावाच्या नावावर होता आणि मोहल्ल्याने बहिणीचंच नातं जोडलं. १९९२ मध्ये तिच्या नवऱ्याचा खून झाला, त्यानंतर तिचं प्रस्थ वाढलं. खंडणीचे, जागांच्या व्यवहारांत दमदाटी केल्याचे आरोप तिच्यावर झाले. २०१४ मध्ये ती वारली. दगडी चाळीत अरुण गवळी 'डॅडी', म्हणून त्याची पत्नी आपोआप 'मम्मी'. ही पदवी लग्नाने मिळालेली आहे, तिच्यावरून गुन्ह्यातला वाटा ठरवता येत नाही.

पोरबंदरच्या संतोकबेन जाडेजा नवऱ्याच्या खुनानंतर पुढे आल्या आणि 'गॉडमदर' म्हणून ओळखल्या गेल्या. १९९० मध्ये त्या कुतियाणातून आमदारही झाल्या. तिथेही नातं आईचंच.

'लेडी डॉन' हा शब्द मला म्हणूनच खटकतो. स्वतः धंदा उभा करणारी, भावाच्या नावावर वचक ठेवणारी आणि नुसती चोरीचा माल लपवणारी, या तिघींना तो एकाच मापाने मोजतो. पोलिसांनी पकडलेली बाई बातमीत एका रात्रीत 'डॉन' होते आणि खटल्यात ती फक्त साथीदार असल्याचं निघतं.

लिहिताना 'टोळीप्रमुख' वापरावा. तो दोन्ही लिंगांना चालतो, 'महिला' जोडायचीही गरज नाही. बोली हवी असेल तर 'म्होरक्या'वरून 'म्होरकी' आहेच. बैलाच्या तोंडाला बांधतात तीही म्होरकी, पण 'टोळीची म्होरकी' म्हटल्यावर कुणाचा घोटाळा होत नाही. प्रमुख नसेल तर तिचं काम लिहावं : घरांची रेकी करणारी, माल खपवणारी, तुरुंगातल्या नवऱ्याचे निरोप बाहेर पोचवणारी. 'मोक्का'त, म्हणजे १९९९च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातही, टोळीची व्याख्या बाई-पुरुष असा भेद करत नाही.