मासेमारीबंदीच्या काळात बोटीवरच्या खलाशांना बेकारी भत्ता मिळतो का?

नाही. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत काम सुटल्यावर सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, पण ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) नोंद असेल तरच. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या खलाशाची ती सहसा नसते.

१ जून ते ३१ जुलै बंदी, बोटी शाकारलेल्या, म्हणजे किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या. पात्र नोंदणीकृत मच्छीमाराला बचत-मदत योजनेत स्वतः साठवलेले १५०० आणि सरकारचे ३००० रुपये मिळतात. एवढ्यात पावसाळाभर चूल पेटत नाही, हे मी घरात पाहिलंय.

नेपाळी खलाशांचं तर अवघडच. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे कामाला परवाना लागत नाही, पण बंदीत आधार एकच, मालकाकडची उचल. ती पुढच्या हंगामात पगारातून कापली जाते.