इम्प्लांट काढायचंय, पण आधी काय विचारू?

प्रश्न : डॉक्टर, नाव छापू नका प्लीज. मी ४२ वर्षांची, ठाण्याला राहते. २०१३ मध्ये दोन्ही स्तनांत सिलिकॉन इम्प्लांट बसवून घेतले होते. आता वर्षभर सारखा थकवा, सांधे दुखतात, केस गळतात, काही लक्षात राहत नाही. इन्स्टावर बघितलं तर सगळ्या म्हणतात हा ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस, म्हणजे इम्प्लांटमुळे होणारा आजार आहे, आणि काढताना 'एन ब्लॉक'च करा नाहीतर विष आत राहतं. एका क्लिनिकने तर लगेच तारीखही दिली. घरी फक्त नवऱ्याला माहितीये. काय करू?

उत्तर : ताई, तारीख कुठे पळून जात नाही, आधी रक्त तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, डी व्हिटॅमिन, सांध्यांसाठी संधिवाताच्या टेस्ट, आणि चाळिशी ओलांडल्यावर पाळीच्या बदलातही अगदी हेच सगळं होतं. तुमचा त्रास खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. इम्प्लांट असलेल्या कितीतरी बायका हीच लक्षणं सांगतात आणि काढल्यावर बऱ्याचजणींना बरं वाटतं, पण 'हा इम्प्लांटचाच आजार' असं ठामपणे सांगणारी एकही टेस्ट आज नाहीये, त्यामुळे काढल्यावर सगळं जाईल अशी गॅरंटी जो देतो त्याच्यापासून चार हात लांब राहा.

आता एन ब्लॉक. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच एक पापुद्रा तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात, तो प्रत्येकीला होतो, ते काही विष नाही. एन ब्लॉक म्हणजे तो न फोडता इम्प्लांटसकट अख्खा काढायचा आणि भोवतीचा थोडा भागही घ्यायचा. हे खरं तर कॅन्सरसाठीचं ऑपरेशन आहे. कॅप्सूलमध्ये क्वचित लिम्फोमा नावाचा एक कॅन्सर होतो, जास्त करून खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमध्ये, त्यावरूनच २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीचे खरखरीत बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले. तिथे कॅप्सूल पूर्ण काढावाच लागतो. पण तो पातळ असेल आणि बरगड्यांना चिकटला असेल तर हट्टाने खरवडताना रक्तस्राव होतो, क्वचित छातीच्या पोकळीत हवासुद्धा शिरते. आणि ज्यांच्यात कॅन्सर नाही त्यांच्यात कॅप्सूल पूर्ण काढला, थोडा काढला की ठेवला, यावर लक्षणं बरी होण्यात फरक दिसलेला नाही. म्हणून सर्जनला सरळ विचारा, माझ्यात कॅप्सूल किती काढणार आणि का? उत्तर नीट मिळालं नाही तर दुसऱ्याकडे जा. नावापुढे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही डिग्री आहे का तेही बघा, नुसतं 'कॉस्मेटिक एक्सपर्ट' लिहिलेली पाटी पुरत नाही.

जुनी फाइल शोधा. इम्प्लांटचं कार्ड असतं, त्यावर कंपनी, प्रकार, सिरियल नंबर असतो. हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथून पेपर मागा, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत हे त्यातूनच कळेल. आणि काढलेला कॅप्सूल, भोवती पाणी असलं तर तेही, पॅथॉलॉजीला जाणार का हे आधीच ठरवून घ्या, नंतर कचऱ्यात गेलं की गेलं. एक बाजू अचानक सुजली, गाठ लागली किंवा आकार बदलला तर मात्र लगेच दाखवा, आधी सोनोग्राफी, सुजेतलं पाणी काढून सीडी३० ची (त्या लिम्फोमासाठीची) तपासणी, मग पुढचं.

प्रश्न : माझ्या इम्प्लांटना दहा वर्षं झाली, काही त्रास नाही. मैत्रीण म्हणते एक्सपायरी झाली, काढ.

उत्तर : दहा वर्षांची एक्सपायरी वगैरे काही नसते. हां, जन्मभर टिकतील असंही नाही. सलाइनवाला, म्हणजे आत मिठाचं पाणी असलेला, फुटला तर काही दिवसांतच बसतो, कळतंच. सिलिकॉनवाला मात्र गुपचूप फुटतो, बाहेरून काही दिसत नाही, म्हणून अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं आणि इम्प्लांटवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, म्हणते पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी करा आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. ते करत राहा. इम्प्लांट खरखरीत असला तरी लक्षणं नसतील तर उगाच काढायला त्याच एफडीएनेही सांगितलेलं नाही. मॅमोग्राफीला जाताना इम्प्लांट आहे हे आधी सांगा, लाजू नका, फोटो वेगळ्या पद्धतीने घ्यावे लागतात.

प्रश्न : काढल्यावर कसं दिसेल? मुलगी दोन वर्षांची आहे, उचलता येईल का?

उत्तर : पहिल्यासारखं होत नाही, खोटं कशाला सांगू. इम्प्लांट मोठा असेल, त्वचा सैल असेल तर ओघळल्यासारखं दिसतं, पुढच्या काही महिन्यांत थोडं आवळतं. काहीजणी त्याच वेळी लिफ्ट, म्हणजे ओघळलेला स्तन वर उचलण्याची सर्जरी, करून घेतात, काहीजणी स्वतःचीच चरबी भरून घेतात. पण सिगरेट ओढत असाल तर लिफ्ट जोखमीची, जखम नीट भरत नाही. आधी थांबून बघितलं तरी काही बिघडत नाही. अंगावर पाजत असाल तर बंद केल्यावर काही महिने जाऊ द्या. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, कधी दोन-चार दिवस नळी ठेवतात, आणि चार ते सहा आठवडे जड उचलणं बंद, म्हणजे गॅसचा सिलिंडर नाही, पाण्याची बादली नाही आणि मुलगीसुद्धा नाही. ती बसलेल्या मांडीवर येऊ दे. सासूबाईंना किंवा आईला आधीच बोलावून ठेवा.

प्रश्न : कॅन्सरमुळे २०१६ ला स्तन काढला, तेव्हा टाकलेला इम्प्लांट आता दगडासारखा कडक झालाय आणि दुखतो. मेडिक्लेम मिळेल?

उत्तर : कॅप्सूल आवळत गेला की असं होतं, रेडिएशन झालं असेल तर जास्तच. काढून पोटाच्या किंवा पाठीच्या मांसाने स्तन परत करता येतो, किंवा सपाटच ठेवायचं, तोही ऑप्शन आहे, आणि तो निवडणाऱ्या बायकाही असतात. तपासणीला गेलात की कॅन्सरच्या डॉक्टरांनाही दाखवा. विम्याचं म्हणाल तर पॉलिसीत निव्वळ सौंदर्यासाठीची सर्जरी वगळलेली असते, कॅन्सरनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तर ती त्या वगळण्यात येत नाही. म्हणून कॅशलेसच्या फॉर्मवर डॉक्टरांकडून कॅन्सरची हिस्ट्री, कॅप्सूल आवळलाय, दुखतंय हे सगळं लिहून घ्या, नुसतं 'इम्प्लांट काढणे' लिहिलं की टीपीएवाले (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारे) कॉस्मेटिक समजून क्वेरी काढत बसतात.