सिडनीत फ्लॅटच्या इमारतीचं अपील कलम ३४ मध्ये मिटतं का? मिटतं, पण मजला सोडून नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पश्चिम सिडनीत शेजारचे दोन प्लॉट एकत्र करून सहा मजली, २२ फ्लॅटची इमारत बांधायची होती. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, अर्ज नाकारला. वकील म्हणतात, लँड अँड एन्व्हायर्नमेंट कोर्टात, म्हणजे बांधकाम परवानग्यांची अपिलं चालतात त्या राज्याच्या कोर्टात जाऊ, कलम ३४ च्या कन्सिलिएशन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे समेटाच्या बैठकीत मिटेल. खर्च किती, वेळ किती, आणि आर्किटेक्ट सुचवतात तसा अपिलात एक मजला वाढवून मागावा का, म्हणजे नंतर तो ‘सोडता’ येईल?

या शेवटच्या वाक्यासाठीच उत्तर लिहायला बसले. मजला वाढवून मागू नका. माझ्या पहिल्या ऑफिसातले साहेब हेच सांगायचे: भाजीवाल्याशी बोलतो तसं बोलायचं, साठ म्हणायचं आणि चाळीसवर यायचं. बाजारात हे चालतं, कारण तिथे दोघांना पटलं की सौदा झाला. इथे दोघांना पटून भागत नाही. १९७९ च्या लँड अँड एन्व्हायर्नमेंट कोर्ट कायद्याचं कलम ३४(३) म्हणतं की पक्षकारांनी ठरवलेला निर्णय ‘कोर्टाला स्वतःच्या अधिकारात देता आला असता’ असाच हवा. तसा असला तर कमिशनरला, म्हणजे ही बैठक चालवणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याला, तो द्यावाच लागतो, आणि नसला तर कौन्सिलने सही केली तरी देता येत नाही. आपल्याकडच्या महारेराच्या सलोखा मंचाशी याची गल्लत करू नका. तिथे ग्राहक आणि बिल्डर आपापसात मिटवतात, इथे मिटवून मिळते ती सरकारी परवानगी.

एक प्रकरण सविस्तर सांगते. आमचा प्लॉट जवळपास तुमच्याइतकाच होता. साहेबांच्या आग्रहाने नकाशात सातवा मजला जास्तीचा दाखवला होता, तो ‘द्यायला’. कॉन्फरन्सची सुरुवात नेहमीप्रमाणे जागेवर झाली. शेजारी कमिशनरसमोर बोलले, आणि जवळजवळ प्रत्येक जण त्या सातव्या मजल्यावरच बोलला. पुढे बंद खोलीत बसल्यावर दहा मिनिटांत आम्ही मजला सोडला. कौन्सिलच्या प्लॅनरने मान हलवली, ‘स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स अँड कन्टेन्शन्स’चं, म्हणजे कौन्सिलच्या आक्षेपांच्या यादीचं, पान उलटलं आणि पुढचा मुद्दा काढला. आमच्या त्यागाचं कोणाला काहीच वाटलं नाही. त्यांच्या हिशेबी तो मजला आमचा कधी नव्हताच.

खरा मुद्दा होता कचऱ्याच्या गाडीचा. कौन्सिलला ८.८ मीटरची गाडी बेसमेंटमध्ये हवी होती, पुढून आत आणि पुढूनच बाहेर. या गाडीला डोक्यावर ४.५ मीटर मोकळी उंची लागते, कारला २.२ पुरते. कारच्या रॅम्पला १:४ चा उतार चालतो, ट्रकला १:६.५ पेक्षा तीव्र चालत नाही. म्हणजे एक मीटर खाली जायचं तर साडेसहा मीटर रॅम्प, वर दोन्ही टोकांना उतार सौम्य करण्याची लांबी वेगळी. प्लॉटची खोली तेवढी नव्हती. मग खाली कमी उतरावं लागावं म्हणून आर्किटेक्टने तळमजलाच फुटपाथपासून १.१ मीटर वर उचलला. त्यामुळे सातवा मजला गेल्यावरही गच्चीचा कठडा उंचीच्या मर्यादेवर ४०० मिलिमीटर निघत होता. शिवाय मजल्याची उंची ३.१ मीटर धरलेली. आत २.७ मीटर छत द्यायचं तर स्लॅब, पाइप आणि बाथरूमचा खळगा यांना ४०० मिलिमीटर उरतात. कौन्सिलचं म्हणणं होतं की हे बांधताना जमणार नाही आणि उंची वाढवायला तुम्ही परत याल. खरंच होतं.

सुटलं ते असं: कचऱ्याची गाडी तळमजल्यावर घेतली, आत गाडी वळवायला फिरती तबकडी बसवली. एक बेडरूमचा एक फ्लॅट गेला, आणि ४.५ मीटर उंचीसाठी त्याच्या वरच्या फ्लॅटची एक खोली गेली. बेसमेंट फक्त कारचं राहिलं आणि तळमजला १.१ मीटर खाली आला. त्यातले ६०० मिलिमीटर सहा मजल्यांना प्रत्येकी १०० असे वाटले, मजला ३.२ चा झाला. इमारत निव्वळ ५०० मिलिमीटर उतरली आणि कठडा मर्यादेच्या आत आला. मर्यादेच्या वर उरलं फक्त लिफ्टचं डोकं, आणि ते ठेवणं भागच होतं, कारण सामायिक मोकळी जागा गच्चीवर होती. पश्चिमेला पाचव्या-सहाव्या मजल्याची भिंत ६ वरून ९ मीटरवर नेली. राज्याची फ्लॅटसाठीची नियमावली, अपार्टमेंट डिझाइन गाइड, चार मजल्यांपर्यंत हद्दीपासून ६ आणि पाच ते आठला ९ मीटर मागतं. तिथे जाळ्या आणि झिलमिल्या लावून भागवायला गेलात तर तासभर वाद होतो आणि शेवटी भिंत मागेच जाते.

सातवा मजला मात्र महागात पडला. सावल्या, बेसिक्स (वीज-पाण्याच्या बचतीचं प्रमाणपत्र), ट्रॅफिक, पार्किंग सगळं सात मजल्यांवर मोजलेलं, ते नव्याने करावं लागलं. या कोर्टात अशा अपिलात एरवी ज्याचा खर्च त्याने सोसायचा असतो. पण किरकोळ नसलेले बदल केलेत तर त्यामुळे कौन्सिलचा जो खर्च वाया गेला तो अर्जदाराने भरायचा, हे प्लॅनिंग कायद्याच्या कलम ८.१५(३) मध्ये आहे. आपण फेकण्यासाठीच मांडलेल्या वस्तूचे पैसे आपणच भरायचे. साहेबांना हे तेव्हाही सांगितलं होतं.

आता कागद, कारण समेट झाल्यावरही प्रकरण इथेच अडकतं. लिफ्टच्या डोक्यासाठी स्थानिक आराखड्यातल्या कलम ४.६ ची, म्हणजे मर्यादा ओलांडू देण्याची, लेखी विनंती नव्या आकड्यांनी लिहा. जुनी विनंती नव्या नकाशाला जोडली तर ती शून्य. बेसिक्स प्रमाणपत्र नव्या नकाशांचंच हवं. आर्किटेक्टचं डिझाइन निवेदनही नवं हवं. पूर्वीच्या सेप ६५ चे (सेप म्हणजे राज्याचं नियोजन धोरण) नियम डिसेंबर २०२३ पासून हाउसिंग सेपच्या चौथ्या प्रकरणात आहेत. जुना हवाला देऊन आपलं अज्ञान दाखवू नका. जमीन दूषित आहे का याचं उत्तर कागदावर हवं. समोर वर्गीकृत रस्ता असेल तर त्याची वेगळी कसोटी आहे. दोन प्लॉट म्हणजे दोन्हीकडच्या प्रत्येक मालकाची लेखी संमती. पाण्याचा पाइप शेजाऱ्याच्या जमिनीतून काढला असेल तर त्याचा विचारही आत्ताच करा. मग दोन्ही बाजूंनी मिळून कोर्टाला अधिकार कसा पोचतो हे मुद्देवार लिहून द्यायचं. यातला एक धागा सुटला तर कमिशनर सही करत नाही, आणि ते योग्यच आहे.

कॉन्फरन्सला नेण्याच्या प्रत्येक नकाशावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ (म्हणजे हे पुढे आमच्याविरुद्ध वापरायचं नाही) छापा. तिथलं बोलणं पुढे पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोला. पहिल्याच दिवशी सही होईल असं धरू नका. नकाशे बदलायला तहकुबी मिळते. तुमचा अर्ज कौन्सिलच्या अधिकाऱ्यांऐवजी लोकल प्लॅनिंग पॅनेलने, म्हणजे तज्ज्ञांच्या स्थानिक समितीने, नाकारला असेल तर समोर बसलेला कौन्सिलचा माणूस पॅनेलला विचारल्याशिवाय हो म्हणू शकणार नाही. त्याला टाळाटाळ समजू नका, ते दिवस हिशेबात धरा.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, तो किती तज्ज्ञांना पुन्हा काम लागतं यावर ठरतो. वकिलांकडून दोन अंदाज मागा: समेटापर्यंतचा आणि समेट फिसकटून सुनावणी झाली तर तिचा. फिसकटल्यावर तुम्ही आणि कौन्सिल दोघांनीही होकार दिला नाही तर तोच कमिशनर निकाल देत नाही, दुसऱ्यापुढे पहिल्यापासून सगळं मांडावं लागतं.

आणि हो, मी प्लॅनर आहे, वकील नाही. अपिलाची मुदत नकार कळवल्यापासून सहा महिन्यांची आहे. कौन्सिलकडे फेरविचार मागितलात तरी ते घड्याळ थांबेल असं धरू नका. तुमच्या प्रश्नात नकाराची तारीख नाही, ती आज काढून बघा. आर्किटेक्टला भेटाल तेव्हा आधी विचारा, कचऱ्याची गाडी कुठे उभी राहणार.